‘एक नंबर लहान घ्या’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर लग्नपत्रिकांच्या पाठोपाठ ‘नवरदेवासाठी बूट घेताना’ हा मेसेज येतो. यंदा मला तो चारदा आला. त्यातला एक भाचीच्या सासऱ्यांकडून, म्हणून तिथे तोंड उघडता आलं नाही. सल्ले पाच आहेत: चामड्याचा बूट एक नंबर लहान घ्या (वापरून सैल होतो), भिजला तर कडक उन्हात वाळवा, महिन्यातून एकदा खोबरेल तेल चोळा, पॉलिशऐवजी केळीची साल फिरवा, आणि एवढा खटाटोप नको असेल तर रेक्झिनचा घ्या, दिसायला सारखाच.

पहिला सल्ला सर्वांत घातक, कारण तो अर्धा खरा आहे. चामडं सैल होतं, पण कुठे? बुटाचं वरचं चामडं फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून तळाला शिवतात किंवा चिकटवतात. चवड्याच्या बाजूंनी ते काही मिलिमीटर सैलावतं. लांबी ठरते तळावर, आणि तळ ताणत नाही. आपल्या दुकानांत चालणाऱ्या यूके मापात एका नंबरचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर. ८ ऐवजी ७ घेतलात तर ते साडेआठ मिलिमीटर अंगठ्याच्या नखातून वसूल होतात, तेही ४४ अंशांत, वरातीत डीजेपुढे, पाय सुजलेले असताना.

म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जावं. सकाळी एसी दुकानात नीट बसलेला बूट रात्री बसेलच असं नाही. मोजे घालून, दोन्ही पायांत घालून, उभं राहून बघा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं धरायचं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. अंगठ्याच्या मुळाशी पायाचा जो सर्वांत रुंद भाग असतो, तो बुटाच्याही सर्वांत रुंद भागातच यायला हवा. नाहीतर बूट भलत्याच जागी दुमडतो आणि सुरकुती पायात रुतते. ऑक्सफर्ड, म्हणजे लेस बांधून पुढच्या दोन पट्ट्या मिटणारा औपचारिक बूट, घेत असाल तर नव्यात लेस बांधल्यावर त्या पट्ट्यांमध्ये थोडी फट राहू द्या. दुकानदार ‘बघा, कसं मिटलं’ म्हणून खूश होतो, पण चामडं सैलावल्यावर आवळायला मग काही उरतच नाही. नुसतं बाजूंनी टोचत असेल तर मोचीकडे फर्म्यावर दोन दिवस ठेवून काम भागतं. आणि ऑनलाइन मागवताना माप कुठल्या देशाचं ते बघा: अमेरिकन ९ म्हणजे आपला साधारण ८.

उन्हाचं मी भोगलंय. अवकाळीत भिजलेले बूट गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवले होते. संध्याकाळी मोचीकडे नेले, तर त्याने ते बोटाने वाजवून विचारलं, ‘भाऊ, हाऊ बूट शे का पापड शे?’ ओलं चामडं उष्णता सोसत नाही. तंतू आकसून एकमेकांना चिकटतात आणि पुढे तिथेच चिरा पडतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. तळालाही हवा लागेल असे बूट आडवे करून पंख्याखाली ठेवा. एक-दोन दिवस जातात, जाऊ द्या.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. जानेवारीत आपल्याकडे बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल मिळत नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेच तेल बुटात मुरलेलं असेल तर थंडीत पांढरट डाग वर येतात. शिवाय तांबूस बूट काळपटतो, तेलकट चामड्यावर मेणाचं पॉलिश धरत नाही आणि काळ्या मातीची धूळ मात्र घट्ट बसते. चामड्याला ओलावा हवा, पण तो बुटाच्या क्रीमचा: आधी ब्रश, मग फडक्याच्या टोकावर वाटाण्याएवढं क्रीम, आणि वर मेणाचा पातळ हात.

आता केळी. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीला पॉलिशचा ब्रश करणारा माणूस रावेर-यावलचा नसणार. तिकडे बागेत जाताना लोक जुने कपडे घालतात, कारण केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही. साल फिरवल्यावर चमक दिसते ती ओलाव्याची. पाच मिनिटांनी उरतो तो साखरेचा चिकटा, आणि मुंग्या.

रेक्झिनबद्दल भांडण नाही. पैसे बेताचे असतील तर अवश्य घ्या, फक्त लग्नासाठी घेऊन पुढच्या लग्नापर्यंत कपाटात ठेवू नका. त्यावरचा प्लास्टिकचा थर दमट हवेत नुसता पडून पडूनही सुटतो, आणि हलक्या फोमचा तळ असेल तर त्याचा भुगा होतो. माझ्या एका मित्राचा असाच तळ अमळनेरला ऐन वरातीत गळून पडला. मागून येणाऱ्या पोरांनी तो उचलून त्याला आणून दिला, दोन तुकड्यांत.