पाकिटातला केक, ‘ई ४७१’ आणि चरबीची अफवा

व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षे फिरत असलेल्या एका संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: पाकीटबंद केक आणि क्रीमच्या बिस्किटांवर ‘ई ४७१’सारखे आकडे दिसले की त्यांत डुकराची चरबी असते, हे आकडे म्हणजे ग्राहकाला काही कळू नये म्हणून योजलेली सांकेतिक भाषा आहे, असा केक महिनोन्महिने बुरसत नाही, म्हणजे तो विषारी आहे, आणि म्हणून बेकरीतला सुटा मालच घ्यावा. या चारही विधानांचे वजन सारखे नाही, एकात थोडे तथ्यही आहे, म्हणून ती वेगवेगळी तपासली पाहिजेत.

सांकेतिक भाषेचा आरोप लवकर निकालात निघतो. आपल्या पाकिटांवरचे क्रमांक कोडेक्स आयोगाच्या (खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या) ‘आयएनएस’ या आंतरराष्ट्रीय यादीतले आहेत आणि युरोपात मान्य झालेल्या पदार्थांना बहुधा तोच क्रमांक ‘ई’ अक्षर जोडून दिला जातो. ही यादी कोणालाही पाहता येते. तीत १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व आणि ५०० म्हणजे खाण्याच्या सोड्याचे कुटुंब.

चरबीचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. ४७१ म्हणजे मेदाम्लांचे मोनो आणि डायग्लिसराइड, तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ. ते तेलापासून किंवा चरबीपासून तयार करता येतात आणि तयार झालेल्या पदार्थाकडे पाहून त्याचे मूळ ओळखता येत नाही, एवढ्यापुरता संदेश खरा आहे. परंतु ‘करता येतात’ यावरून ‘केलेलेच असतात’ असे ठरत नाही. ते पाम किंवा सोयाबीनच्या तेलापासूनही सर्रास बनतात, आणि भारतीय नियमांप्रमाणे दूध, मध यांसारखे अपवाद वगळता प्राणिजन्य घटक असलेल्या मालाला हिरवे चिन्ह लावता येत नाही. (तपकिरी चिन्ह दिसले म्हणून दचकण्याचेही कारण नाही, कारण केकवर ते बहुतेकदा अंड्यामुळे असते.) ज्यांना तेवढ्याने समाधान नाही, त्यांची मागणी गैर म्हणता येणार नाही: दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये नुसता क्रमांक पुरेसा न मानता घटकाचे मूळ वनस्पतिजन्य की प्राणिजन्य हेही पाकिटावर जाहीर करण्यास सांगितले होते. धार्मिक किंवा शाकाहारी भावनेचा हा प्रश्न रास्त आहे, पण तो आरोग्याचा प्रश्न नव्हे. खाल्लेले तेल-तूप पचताना आपल्या आतड्यातही मोनोग्लिसराइड तयार होतात. केकमध्ये त्यांचे काम पिठातले हवेचे बुडबुडे टिकवणे आणि भाजलेल्या पिष्टाचे पुन्हा स्फटिक बनणे लांबवणे हे असते. शिळा केक कडक होतो तो मुख्यतः या स्फटिकांमुळे, केवळ वाळल्यामुळे नव्हे.

न बुरसण्यामागेही विष नाही. भट्टीच्या उष्णतेने बुरशी मरते. ती पुन्हा येते ती केक थंड होताना आणि कापताना, हवेतून. त्यानंतर तिला वाढायला मोकळे पाणी लागते, आणि साखर, ग्लिसरॉल किंवा सॉर्बिटॉल तेच पाणी धरून ठेवतात, ज्या तत्त्वावर आपला मुरांबा वर्षभर टिकतो. उरलेले काम पोटॅशियम सॉर्बेट (२०२) किंवा कॅल्शियम प्रोपिओनेट (२८२) अल्प प्रमाणात करतात, आणि हवाबंद पाकीट नवी बुरशी आत येऊ देत नाही.

खरी काळजी करण्याजोगी गोष्ट या आकड्यांच्या आधी, साध्या शब्दांत छापलेली असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि बहुतेक केकवर पहिल्या तीन-चार जागा मैदा, साखर आणि पामतेल यांनी व्यापलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंतच वरची साखर असावी असे सुचवते; १०० ग्रॅम केकमध्ये त्याहून अधिक साखर सहज असते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना अतिप्रक्रियित आहार दिला, तेव्हा ते प्रक्रिया न केलेल्या आहारापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. प्रक्रियेवर शंका घ्यायचीच, तर ती या दिशेने घ्यावी.

शेवटचा सल्ला, सुट्या मालाचा, मला सर्वांत घातक वाटतो. पाव फुगवण्यासाठी पिठात घातल्या जाणाऱ्या, कर्करोगाचा संशय असलेल्या पोटॅशियम ब्रोमेटचे प्रकरण आठवावे: दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१६ मध्ये पाव, बन आणि पिझ्झाच्या पावाचे नमुने तपासले, ८४ टक्के नमुन्यांत ब्रोमेट किंवा आयोडेट सापडले आणि त्याच वर्षी ब्रोमेटवर बंदी आली. ते पकडले गेले ते प्रयोगशाळेत, चवीने किंवा ताजेपणावरून नव्हे. ट्रान्स फॅटचेही (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक मेदाचेही) तसेच आहे. खाद्यतेल आणि वनस्पती तुपासारख्या मेदांत २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्के आहे, आणि ती सुट्या खारीच्या मेदालाही लागू आहे; पण त्या खारीवर घटकांची यादीच नसते, म्हणून ती कशात केली, वनस्पती तुपात, मार्गारीनमध्ये की लोण्यात, हे बेकरीवाल्यालाच विचारावे लागते.