‘ठीक’ म्हणजे बरोबर की चूक?

गेल्या आठवड्यात आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा पाठवणारे आमच्याच इमारतीतले आजोबा निघाले, म्हणून आता गप्प बसता येत नाही. मजकूर साधारण असा: ‘मुलांना डिस्टन्सला घालू नका. तिथे जाणाऱ्याला अभ्यास नको असतो आणि शिकवणाऱ्याला शिकवायचं नसतं. करोनात ऑनलाइनचे धिंडवडे सगळ्यांनी पाहिले. त्या पदवीला नोकरीत कोणी विचारत नाही.’ खाली जोडलेले हात, चार वेळा.

मी ‘डिस्टन्स’च्या, म्हणजे दूरशिक्षणाच्या, एका अभ्यासकेंद्रावर रविवारी अर्थशास्त्र शिकवतो. नोकरी नव्हे, तासावर मानधन. म्हणजे दूरशिक्षणाचं चिमूटभर मीठ मीही खाल्लंय, हे आधीच सांगून टाकतो.

आता ‘अभ्यास नको असतो’ हे घ्या. रविवारी सकाळी अख्खं इंदूर पोहे-जिलबीच्या गाडीपाशी उभं असतं, तेव्हा आमच्या वर्गात वीस-बावीस जण येऊन बसलेले असतात. हजेरीची सक्ती नसताना. पीथमपूरहून रात्रपाळी उतरून थेट आलेले दोघं-तिघं असतात, एकाच्या बुटांना अजून ग्रीसचा वास. राजेंद्रनगरच्या एक बाई आहेत, लग्नानंतर चौदा वर्षांनी पुन्हा पुस्तक हातात घेतलेल्या. एक पोलीस शिपाई आहे, बंदोबस्त लागला की महिनाभर दिसत नाही. यांना अभ्यास टाळायचा असता तर सोपा उपाय होता: नावच नोंदवायचं नाही. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, त्याच्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास, चार क्रेडिटच्या एका पेपरला १२० तास. ते तास ही माणसं कुकरच्या शिट्ट्या आणि कंपनीची बस यांच्या मधून काढतात.

गाईड आणि गेस पेपर घेऊन पास होऊ पाहणारेही येतात, नाही कशाला म्हणू? पण तो प्राणी मला कॉलेजातही रोज भेटायचा, तिथे तो शेवटच्या बाकावर बसायचा एवढाच फरक.

मला नवल वाटलं ते वेगळंच. दूरशिक्षणाविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सुचलाच नाही: गळती. मधेच सोडणारे इथे पुष्कळ असतात, आणि ‘तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत असते’ एवढं म्हणून ते झाकता येत नाही. पण सोडणाऱ्यांना विचारलं तर ‘वर्ग नव्हता म्हणून सोडलं’ असं क्वचितच ऐकू येतं. ऐकू येतं ते असं: पुस्तकं परीक्षेच्या आठ दिवस आधी आली, फोन कोणी उचलला नाही, वही जमा केली ती गेलीच. अंतराची तक्रार नसते, पलीकडून उत्तर येत नाही याची असते.

इथून ‘शिकवणाऱ्याला शिकवायचं नसतं’ या दुसऱ्या मुद्द्यावर येतो, आणि इथे आजोबांची निम्मी बाजू मला मान्य करावी लागणार आहे. शिक्षकांना हा प्रकार फारसा आवडत नाही, हे खरं. अमेरिकेत बॅबसन सर्वेक्षण गट वर्षानुवर्षं महाविद्यालयांच्या शैक्षणिक प्रमुखांना विचारत आला, की तुमचे प्राध्यापक ऑनलाइन शिक्षणाचं मोल मानतात का? २०१५ साली ‘हो’ म्हणणारे ३० टक्क्यांहूनही कमी होते, आणि त्याच्या दहा-बारा वर्षं आधीही आकडा जवळपास तेवढाच होता. एक गंमत लक्षात घ्या, हे उत्तर प्राध्यापकांचं नाही, त्यांच्या साहेबांचं आहे. तिथल्याच इतर पाहण्यांत असंही दिसत आलंय, की ज्यांनी स्वतः ऑनलाइन शिकवलंय त्यांचं मत न शिकवलेल्यांपेक्षा बरं असतं.

पण मनापासून न आवडणं वेगळं आणि शिकवायचंच नसणं वेगळं. माझंच उदाहरण देतो, फारसं अभिमानाचं नाही. मागणीच्या लवचिकतेवर, म्हणजे किंमत वाढली की खप किती घटतो यावर, गृहपाठ होता. माध्यम हिंदी, त्यामुळे वहीत ‘मांग की लोच’. सगळ्यांनी नेहमीचं मिठाचं उदाहरण उतरवलं होतं. एका मुलीने ते सोडून आपल्या कारखान्याच्या कॅन्टीनचं घेतलं: चहा दहाचा बारा रुपये झाला, पाळीला शंभर कप जायचे ते पंच्याण्णववर आले. उदाहरण झकास. गणित मात्र उलटं: किमतीतली २० टक्के वाढ वर, खपातली ५ टक्के घट खाली, उत्तर चार, ‘मांग लोचदार है’. खरं तर पाच भागिले वीस, म्हणजे पाव. दोन रुपये वाढले तरी चहा सुटत नाही, हेच तर तिचे आकडे ओरडून सांगत होते. त्या पानाखाली मी लाल शाईने ‘ठीक’ लिहून सही ठोकली होती. समोर साठ वह्यांचा गठ्ठा होता आणि संध्याकाळपर्यंत संपवायचा होता.

वही मिळाल्यावर ती टेबलाशी आली. ‘सर, ठीक म्हणजे बरोबर की चूक?’

तेव्हापासून निदान दोन ओळी लिहितो. साठ वह्यांना आता तीन संध्याकाळी लागतात. मानधन वहीमागे, आणि शेरा लिहिणाऱ्याला नि नुसती सही करणाऱ्याला दर एकच. शिक्षकाची वृत्ती तपासायची हौस असेल त्याने आधी हा दर तपासावा. त्या मुलीच्या पुढच्या वहीत चहाच्या जोडीला कचोरी आली: तीही दहाची बारा, खप ऐंशीवरून पन्नासवर, उत्तर १.८७५, लोचदार. शेजारी कंसात: ‘डब्बा घर से ला सकते हैं, चाय नहीं.’ हे वाक्य माझ्या कुठल्याही पुस्तकात नाही.

मायकेल मूर या दूरशिक्षणाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकापासून हेच मांडलं. दूरशिक्षणातलं अंतर मैलांत मोजायचं नसतं, शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात संवाद किती आणि अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट, यावर ते ठरतं. त्या मापाने पाहिलं तर दीडशे मुलांच्या वर्गात तासभर नोट्स सांगून निघून जाणारा प्राध्यापकही दूरशिक्षणच देतो, फक्त पंखा एकाच छताला असतो.

करोनाबद्दल. मार्च २०२० मध्येच चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेख लिहून बजावलं होतं, की आत्ता चाललंय त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, हे आपत्तीतलं तात्पुरतं शिकवणं आहे. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम नीट तयार करायला सहा ते नऊ महिने लागतात असं त्यांनी म्हटलं होतं. आपल्याकडे किती दिवस मिळाले? फळ्याचा माणूस मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवून बोलायला लागला, चाळीस मुलं म्यूटवर, त्यातली किती जागी ते देव जाणे. त्यावरून दूरशिक्षणाला नापास करणं म्हणजे पुरात होडीतून वाटलेल्या खिचडीवरून स्वयंपाकाची परीक्षा घेणं.

उलट बाजूलाही फुशारकी नको. अमेरिकी शिक्षण खात्याने २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. ऑनलाइन शिकणारे सरासरीने किंचित पुढे निघाले, आणि वर्ग अधिक ऑनलाइन असं मिश्र शिकणारे जास्त पुढे. पण अहवालानेच सांगितलं, की त्यांना वेळ आणि साहित्यही जास्त मिळालेलं असू शकतं. माध्यमाचा चमत्कार असा नाहीच.

नोकरीचं पटकन उरकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत आणि पुन्हा सप्टेंबर २०२२ च्या सूचनेत स्पष्ट आहे: मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. खाजगी कंपनीतला साहेब नाक मुरडेल, तो आडगावच्या कॉलेजलाही मुरडतो. अट एकच, संस्था आणि तो अभ्यासक्रम दोन्हींना त्या सत्राची मान्यता हवी. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी पाहा, दुकानाबाहेर ‘एका वर्षात डिग्री’ लिहिणाऱ्याची पाटी नको. इंजिनीअरिंग, वैद्यक, नर्सिंग हे या मार्गाने होत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी पत्राद्वारे वाटलेल्या इंजिनीअरिंगच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कशा निलंबित किंवा रद्द केल्या, ते ज्यांनी भोगलं त्यांना विचारा.

आजोबा, तुमच्या नातवाला खुशाल नेहमीच्या कॉलेजात घाला. सतरा वर्षांचं पोर, कॉलेज दोन चौक पलीकडे, त्याला मित्र हवेत आणि कॅन्टीनही हवं. सूनबाईंनी मात्र परवा जिन्यात मला बी.कॉम.चं विचारलं होतं. त्यांना म्हणावं, बारावीची मार्कशीट घेऊन रविवारी बारानंतर केंद्रावर या, मी तिथेच असतो.