भांगातलं पांढरं

सहाव्या महिन्यात लोकांना माझ्या पोटाआधी माझा भांग दिसायला लागला. दोन बोटं रुंद, पांढराशुभ्र. डोहाळजेवण तीन आठवड्यांवर आलेलं, गंगापूर रोडच्या हॉलचा ॲडव्हान्सही भरून झालेला.

"डाय लावू का?" एवढंच मी म्हटलं. सासूबाईंच्या हातातली पळी आमटीतच राहिली. "बाळाच्या डोळ्यांवर जातं गं ते!" पंचवटीतून आईचा फोन : "केसांतून थेट मेंदूत जातं." कुणाच्या मेंदूत, हे विचारेपर्यंत तिने फोन ठेवला होता. नवरा म्हणाला, "आहेस तशीच छान दिसतेस." मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, म्हणून ते मत बाद.

शेवटी डॉक्टरबाईंना विचारलं. "टाळूतून रक्तात अगदी थोडं उतरतं. पहिले तीन महिने थांबलेलं बरं, ते तुमचे झालेत. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, वेळ झाली की लगेच धुवा. आणि 48 तास आधी कानामागे थोडा लावून बघा, आता त्वचा कशाने बिघडेल सांगता येत नाही." मग हळूच, "शेड कुठला घेताय?"

घरी हा निकाल फेटाळला गेला. "त्यांना काय कळतंय!" तह झाला तो मेंदीवर. नवऱ्याने रविवार कारंजावरून पुडी आणली : काळी मेंदी. मी मागचं बारीक अक्षर वाचलं. पीपीडी! म्हणजे डायमध्ये असतं तेच रसायन. नुसत्या मेंदीच्या पानाने केस काळे होतच नाहीत. पण सासूबाई पुडी सोडेनात. "अगं, पानांचीच आहे, हे बघ." पुडीवर पान छापलेलं होतं खरं.

मग शुद्ध मेंदी आली. चहाच्या पाण्यात, लोखंडी कढईत रात्रभर भिजली. डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून मी तीन तास बसले. बाळाने तेवढ्यात निषेधाच्या चार लाथा मारल्या. धुतल्यावर काळे केस होते तसेच राहिले. पांढरे तेवढे केशरी झाले. झगझगीत, कपाळापासून टाळूपर्यंत एक सरळ रेघ.

डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं यथासांग. ओटी भरता भरता सासूबाईंच्या भिशीतल्या एका मावशींनी माझ्या भांगाकडे निरखून पाहिलं आणि त्यांच्या कानाला लागल्या,

"सून उत्तरेकडची केलीत, बोलला नाहीत कधी!"