बाटलीभर नायट्रोनं स्प्लेंडर उडत नसते

एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. चौथ्यांदा भाच्यानं पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘मामा, करून पाहू का?’ मेसेजचा मतलब असा: अमेरिकेतल्या ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीच्या गाड्या नायट्रोमिथेन (नायट्रो) नावाच्या इंधनावर पळतात, त्यात पेट्रोलच्या दुप्पट ऊर्जा असते. खेळण्यातल्या रेसिंग कारचं नायट्रो बाटलीभर टाकीत ओता, नाहीतर 100 ऑक्टेन भरा, पिकअप दुप्पट. ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल (अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल, निव्वळ पाणी, म्हणून उन्हाळ्यात गाडी मरते. रेसवाले तर अल्कोहोलला शिवतसुद्धा नाहीत.

थांब ना बे जरा.

दुप्पट ऊर्जा? एक किलो पेट्रोलमधून साधारण 44 मेगाज्यूल निघतात, किलोभर नायट्रोमिथेनमधून जेमतेम 11. खरी गंमत हवेची आहे. किलोभर पेट्रोल नीट जाळायला 14.7 किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्याचं 1.7 किलोत भागतं. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा तेवढीच असली तरी इंधन साडेआठ पट जाळता येतं. पाव ताकदीचं इंधन, पण साडेआठ पट: हिशोब सव्वादोनच्या आसपास जातो. मेसेजवाल्यानं ‘दुप्पट’ इथूनच उचललं असावं आणि उरलेलं सोडून दिलं.

उरलेलं म्हणजे तेवढं इंधन ओतायची सोय. टॉप फ्युएल, म्हणजे नायट्रोवर पळणाऱ्या ड्रॅग रेसच्या गाडीचं इंजिन 8.2 लिटरचं, वर हवा कोंबणारा सुपरचार्जर, प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग. बर्नआउट (सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवणं) धरून एका फेरीत पन्नासेक लिटर इंधन जातं. अंतर किती, तर 305 मीटर. अर्ध्या वाटेत प्लगची टोकं जळून जातात, आणि फेरी झाली की इंजिन खोलायला घेतात. तुझ्या बाईकचा मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र, सुईच्या टोकाएवढा. त्यातून साडेआठ पट काय जाणार? वर खेळण्यातल्या कारच्या नायट्रोत मिथेनॉल आणि तेलच जास्त असतं. मित्राच्या गॅरेजात असा प्रयोग करून आलेली एक बाईक मी पाहिली आहे: प्लग काढला तर काळाकुट्ट आणि चिकट. (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे, आणि आपण बाटल्या ओततो.)

‘अल्कोहोलला शिवत नाहीत’ हे तर धादांत खोटं. अमेरिकेत ड्रॅग रेस भरवणाऱ्या एनएचआरए या संस्थेनं 1957 मध्ये नायट्रोवर बंदी घातली होती. साठच्या दशकात ती उठली. आज मर्यादा 90 टक्के आहे आणि उरलेले दहा टक्के मिथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच. मिश्रण हायड्रोमीटरनं (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीनं), तापमान बघून मोजतात. मध्यंतरी 2004 मध्ये नायट्रो 85 टक्क्यांवर आणलं होतं, तरी 2005 मध्ये टॉप फ्युएलचा ड्रायव्हर टोनी शूमाकरनं ताशी 337.58 मैल गाठले, म्हणजे 543 किलोमीटर. इंधन पातळ केलं, पण ट्यूनिंगवाले हात बांधून बसले नव्हते.

100 ऑक्टेनबद्दल थोडक्यात: ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, इंधन आपोआप, अवेळी पेटून इंजिन ठोकू न देण्याची क्षमता. साध्या पेट्रोलवर जे इंजिन ठोकतच नाही, त्याला महागडं पेट्रोल पाजून फक्त खिसा हलका होतो. जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बो गाडीला फायदा होऊ शकतो, तो वेगळा विषय.

ई-20 वरचा राग मात्र सगळाच खोटा नाही. लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते, तेव्हा अ‍ॅव्हरेज पडतो म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही. जुन्या गाडीच्या रबरी पाइपांवरही लक्ष ठेवावं. पण मे महिन्यात वर्धा रोडवर दुपारी गाडी मेल्यासारखी चालते, त्याचा दोष आधी उन्हाला द्या. 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्क्यांनी विरळ असते, आणि वर तेच गणित सांगितलं, हवा कमी तर ताकद कमी.

भाच्याला कळवलं: फुकटात नऊ टक्के पाहिजेत तर डिसेंबरात सकाळी सहाला फुटाळा तलावावर ये. स्वेटर घालून ये, आणि बाटली घरीच ठेव.