‘विंडोजवर नुसतं कंपाइल करा की’ म्हणे!

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे शेअर होतेय. म्हणणं असं की लिनक्सवरचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर विंडोजवर आणणं, म्हणजे पोर्ट करणं, यात काही कामच नाही, सी भाषा सगळीकडे चालते, कोड कंपाइल करून विंडोजचा प्रोग्राम बनवणारं मिंगडब्ल्यू फुकट मिळतं, तरी जे प्रोजेक्टवाले एक्सई (विंडोजवर थेट चालणारी फाइल) देत नाहीत ते एकतर आळशी नाहीतर मायक्रोसॉफ्टवर खुन्नस धरून बसलेले, आणि विंडोजसाठी पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवले तर तेही नाकारतात. शेवटी वर हेही, की आता डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आलंय म्हणजे पोर्टची गरजच संपली. गरजच नाही तर मग तक्रार कसली, ते देव जाणे. असो, एकेक मुद्दा घेऊ.

‘सी पोर्टेबल आहे.’ भाषा आहे हो, पण तिच्यातही गोची आहेच. ६४ बिट लिनक्सवर लाँग (सी मधला पूर्णांकाचा एक प्रकार) ६४ बिटचा असतो, ६४ बिट विंडोजवर मात्र ३२ बिटचाच, त्यामुळे फाइलमधली जागा लाँगमध्ये ठेवणारा कोड २ जीबीच्या पुढे गेला की गंडतो. फाइल उघडताना मोडमध्ये ‘बी’ (बायनरी) लिहायचं राहिलं तर युनिक्सवर (लिनक्स त्याच घराण्यातलं) काही बिघडत नाही, विंडोजवर टेक्स्ट मोड लागतो, म्हणजे लिहिताना प्रत्येक नव्या ओळीच्या बाइटआधी एक जादा बाइट घुसतो आणि तुमची इमेज फाटते, एरर मात्र कुठेच नाही. आणि माझं आवडतं उदाहरण: सेटिंग सेव्ह करताना आधी टेम्प फाइल लिहायची आणि मग ती जुन्या नावावर रिनेम करायची, ही युनिक्सवाल्यांची जुनी सवय. विंडोजच्या सी लायब्ररीतलं रिनेम त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर सरळ फेल होतं. म्हणजे पहिल्यांदा सेव्ह होतं, दुसऱ्यांदा नाही! कंपायलरला यातलं काय कळणार?

‘जे फंक्शन नाही त्याचा रॅपर लिहा.’ रॅपर म्हणजे विंडोजच्या फंक्शनवर घातलेलं लिनक्सच्या नावाचं आवरण, छोट्या गोष्टींना चालतं. फोर्कचा, म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढण्याचा, रॅपर लिहून दाखवा. रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस) डेटा डिस्कवर लिहिताना फोर्क करतं, चाइल्ड प्रोसेसला त्या क्षणाची मेमरी जशीच्या तशी मिळते, ती निवांत लिहीत बसते आणि मूळ प्रोसेस इकडे रिक्वेस्ट घेत राहते. विन३२ मध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनसंचात, असलं काही नाहीच. मायक्रोसॉफ्टच्याच ओपन टेकवाल्यांनी रेडिस पोर्ट केलं होतं, त्यासाठी डेटाची मेमरी वेगळ्या प्रकारे मॅप करून दुसऱ्या प्रोसेसला दाखवायची कसरत केली, आणि २०१६ नंतर ते काम थंडावलं. आता यांनाही आळशी म्हणायचं का? पोस्टग्रेस या डेटाबेसला नेटिव्ह (मधल्या थराशिवायचा) विंडोज सपोर्ट ८.० मध्ये, म्हणजे २००५ साली आला, त्याआधी सिगविन (विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणारा थर) लागायचं. विंडोजवरच्या पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला नवी प्रोसेस कोरी सुरू होते आणि फोर्कमध्ये जे आयतं मिळालं असतं ते तिला पुन्हा गोळा करावं लागतं. सिलेक्टचंही (कुठे डेटा आलाय हे बघणाऱ्या फंक्शनचंही) तेच, विंडोजवर ते फक्त सॉकेटवर (नेटवर्क कनेक्शनवर) चालतं, पाइपवर (दोन प्रोग्राममधल्या दुव्यावर) नाही, म्हणजे प्रोग्रामचा मुख्य लूपच बदला.

‘मग सिगविन वापरा.’ वापरा ना, पण ते नेटिव्ह नाही, सोबत त्याची डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) लागते. त्यात फोर्क आहे, पण नवी प्रोसेस उघडून तिच्यात मेमरी कॉपी करून केलेला. कंपाइलआधी मशीन तपासायला शेकडो छोट्या कमांड चालवणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट तिथे चालवून बघा, चहा होऊन जाईल.

डब्ल्यूएसएलबद्दल थोडक्यात. डब्ल्यूएसएल २ म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये खरा लिनक्स कर्नल. डेव्हलपरला झकास. पण ज्याला डीएलएल आपल्या विंडोज प्रोग्राममध्ये लोड करायचीय किंवा ज्या युजरला नुसतं डबल क्लिक करून चालवायचंय, त्याला त्याचा काय उपयोग?

पोस्टमधलं एक मात्र खरं. झेडलिबसारखी (डेटा दाबून लहान करणारी) लायब्ररी, जी फक्त बाइट घेते आणि बाइट देते, ती जवळजवळ आहे तशी कंपाइल होते. पण यावरून सर्व्हर आणि शेलवर (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामवर) विसंबलेल्या टूल्सचा अंदाज बांधू नका. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमधली स्टॅश ही कमांड (अर्धवट बदल बाजूला ठेवणारी) आधी शेल स्क्रिप्ट होती, विंडोजवर रखडायची, शेवटी अख्खी सी मध्ये पुन्हा लिहिली, २०१९ मध्ये गिटच्या २.२२ आवृत्तीत आली.

राहिला ‘आमचे विंडोज पॅच नाकारतात’ हा मुद्दा. अहो, पॅचमध्ये जिथेतिथे इफडेफ (‘विंडोज असेल तर हा कोड’ अशा अटी) पेरलेले, टीममध्ये विंडोज कोणाकडेच नाही, आणि पाठवणारा पुढच्या रिलीजला गायब, मग बग आला की कोणी बघायचं? गिटमध्ये विंडोजचा बराचसा गुंता कॉम्पॅट फोल्डरमधल्या मिंगडब्ल्यूच्या फाइलींत कोंबलाय, त्यामुळे बाकीचा कोड वाचणाऱ्याला विंडोज फारसं आडवं येत नाही. पुढचा पॅच तसा बनवा, आणि खाली लिहा की विंडोजवरचे बग मी बघतो.