युरोपात बघा, पण नीट बघा

लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये खात्यात जमा झाले की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास वाद पेटतो. एक काका ठरलेलं वाक्य टाकतात, "फुकट पैसे वाटून बायका पुढे जात नाहीत, युरोपात बघा." मग मला टॅग करतात, कारण मी स्वित्झर्लंडमध्ये राहते.

बघाच. या देशात बायकांना देशपातळीवरच्या मतदानाचा हक्क मिळाला १९७१ साली. इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तोही पुरुषांनी मतदान करून दिला. १९५९ साली हाच प्रश्न विचारला तेव्हा दोन तृतीयांश पुरुष "नाही" म्हणाले होते. अपेनझेल इनररोडन नावाच्या छोट्या कँटनमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, अजूनही चौकात जमून, हात वर करून मतदान होतं. तिथल्या पुरुषांनी स्थानिक मतदानात बायकांना घ्यायला १९९० पर्यंत नकार दिला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयालाच त्यांना भाग पाडावं लागलं. १९८८ पर्यंत कायद्याने नवरा कुटुंबप्रमुख होता आणि बायकोने नोकरी करायची तर त्याची संमती लागायची. आमच्या इमारतीतल्या ऐंशी पार केलेल्या आजींना यात इतिहास वगैरे काही वाटत नाही. त्यांच्या संसाराचीच वर्षं ती.

समानतेचं कलम घटनेत आलं १९८१ साली. दहा वर्षं झाली तरी फारसं काही हलेना, म्हणून १४ जून १९९१ला लाखो बायकांनी संप केला. २०१९ मध्ये त्याच तारखेला पुन्हा. म्हणजे श्रीमंत देशात समानता आपोआप पिकते, हा काकांचा समज इथल्याच बायकांनी दोनदा रस्त्यावर येऊन खोडला आहे.

आणि आजचं? आमच्या गावात प्राथमिक शाळेची मुलं बाराच्या सुमाराला जेवायला घरी येतात आणि दीडला परत जातात. बाराला घरी कोण असणार? शाळेत जेवणाची सोय होते, पण तिचे पैसे वेगळे, शिवाय जागा मिळायला हवी. पाळणाघर शहरात दिवसाला शंभर फ्रँकच्या पुढेच. मग नवराबायको हिशेबाला बसतात आणि ज्याचा पगार कमी त्याने नोकरी कमी करायची असं ठरतं. तो 'ज्याचा' बहुतेक वेळा 'जिचा' असतो. इथल्या नोकरीच्या जाहिरातीतच ६० टक्के, ८० टक्के असं कामाचं प्रमाण लिहिलेलं असतं. साठ टक्के नोकरीला साठ टक्के पगार, आणि पेन्शनचा मोठा भाग पगारावर, त्यामुळे म्हातारपणीही हात आखडताच. बाळंतपणाची भरपगारी नव्हे, पण पगाराच्या ऐंशी टक्के देणारी चौदा आठवड्यांची रजा देशभर लागू झाली २००५ मध्ये. बापाला दोन आठवडे, तेही २०२१ पासून. कागदावर भारत पुढे आहे, २०१७ पासून सव्वीस आठवडे. फक्त ती रजा लागू होईल अशा नोकरीत किती जणी आहेत, हे काकांनी आपल्या पोळ्यावाल्या मावशींना विचारावं.

मावशींचा विषय निघालाच आहे तर. पुण्यातली माझी बहीण सकाळी आठला ऑफिसला निघते, ती पोळ्यावाल्या मावशी, भांडीवाली आणि सासूबाई यांच्या जिवावर. काम एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जातं, मध्ये बसलेल्या पुरुषाला त्याचा वारासुद्धा लागत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. हे ८८ सुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. न लावणारे त्यात नाहीतच.

इथे मावशी परवडत नाहीत. त्यामुळे माझा नवरा टॉयलेट घासतो, डबे भरतो, इस्त्री तर माझ्यापेक्षा चांगली करतो. हाच माणूस पुण्यात आईकडे गेला की ताटावर बसून "मीठ कुठंय?" विचारतो, आणि मीठ त्याच्यापासून हातभर अंतरावर असतं. त्याचे विचार बदलले असं मी म्हणणार नाही. करणारं दुसरं कोणी नाही म्हणून हात चालतात. पण माझ्या मुलाने बापाला इस्त्री करतानाच पाहिलंय, हेही खरं.

आता दीड हजारांचं. योजना २०२४च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आली, तेव्हा हेतूबद्दल शंका मलाही आहे. पण रोज पावणेपाच तास बिनपगारी राबणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला दीड हजार पडले, तर त्याला फुकट कसं म्हणायचं? माझी तक्रार वेगळी आहे. असल्या योजनेने पुरुषांचे ते ८८ एका मिनिटानेही वाढत नाहीत. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, ही अटही बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७च्याच दुरुस्तीने घातली. ती किती ठिकाणी पाळली जाते, यावर आमच्या ग्रुपवर एकदाही भांडण झालेलं नाही. काकांच्या मुलाच्या कंपनीत चारशे माणसं आहेत. पाळणाघर आहे का, असं मी ग्रुपवर विचारलंय.