शांघायच्या बागेवरची ती पाटी: फॉरवर्डमधले खरे किती?

'कुत्र्यांना आणि चिन्यांना प्रवेश बंद.' शांघायच्या एका बागेच्या फाटकावर इंग्रजांनी अशी पाटी लावली होती, चिनी लोकांनी ती मुकाट्याने सोसली आणि १९४९ साली कम्युनिस्टांनी ती उखडून फेकली, अशा आशयाचा मजकूर बराच फिरतो. सोबत पाटीचे चित्र असते. शेवटी जोड असते, की आपल्याकडेही अशाच पाट्या होत्या, म्हणजे भारतीय आणि चिनी एकाच फाटकाबाहेर उभे होते. यामागचा संताप मला मनापासून पटतो. मजकूर मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी घसरलेला आहे.

आधी पाटीच्या शब्दांबद्दल. ही बाग म्हणजे आजचे हुआंगपू उद्यान. शांघायच्या 'बंड' या प्रसिद्ध नदीकाठच्या रस्त्याच्या उत्तर टोकाला, सूचौ खाडी जिथे हुआंगपू नदीला मिळते तिथे, गाळाच्या जमिनीवर भर घालून ती १८६८ साली उघडली. तिच्या दाराशी नियमांचा फलक होता आणि ते नियम आज उपलब्ध आहेत. १९०३ च्या नियमांत पहिला नियम कुत्रे आणि सायकली यांना बंदी घालतो. चिनी लोकांना, परदेशी माणसांच्या सेवेत असलेले नोकर वगळता, प्रवेश नाही, हा नियम त्याच यादीत पण खाली, वेगळा येतो. १९१७ च्या यादीत भाषा सौम्य झाली: बाग परदेशी समाजासाठी राखीव आहे. कुत्रे आणि सायकली तिथेही स्वतंत्र नियमात आहेत. कुत्रे आणि चिनी एका वाक्यात बसवलेली पाटी दाराशी असल्याचा विश्वासार्ह पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. एकाच फलकावरचे दोन नियम लोकांच्या तोंडी एकत्र आले, आणि ज्यांना दारातून परत पाठवले जात होते त्यांनी ते एकत्र वाचले यात नवल नाही.

मग चित्र कुठले? पाटीची जी प्रतिमा लोकांच्या डोळ्यांपुढे आहे ती मुख्यतः ब्रूस लीच्या १९७२ च्या हाँगकाँगी चित्रपटाने घडवली. त्यात तो बागेच्या दाराशी लाथ मारून पाटीचे तुकडे करतो. शांघायच्या एका संग्रहालयातही पूर्वी अशी पाटी मांडली होती. ती मागाहून बनवलेली होती असे १९९४ साली तिथल्याच एका मासिकात छापून आले आणि चिनी वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. म्हणजे हा प्रश्न चीनमध्येही उघडपणे चर्चिला गेला आहे.

'इंग्रजांनी' हा शब्दही अपुरा. बाग शांघायच्या म्युनिसिपल काउन्सिलच्या ताब्यात होती. ब्रिटिश आणि अमेरिकन वस्त्या १८६३ साली एक होऊन झालेल्या आंतरराष्ट्रीय वसाहतीचा कारभार ही काउन्सिल पाही. तिच्यात वजन ब्रिटिशांचे होते, पण त्यांच्या शेजारी इतर देशांचे लोकही बसत. शेजारच्या फ्रेंच वसाहतीतल्या बागेतही, आज जिला फूशिंग उद्यान म्हणतात, १९२८ पर्यंत सामान्य चिनी माणसाला मज्जाव होता.

मला सर्वांत खटकतो तो 'मुकाट्याने' हा शब्द. त्याने खऱ्या माणसांवर अन्याय होतो. १८८१ साली हाँगक्यू भागातल्या सुशिक्षित चिनी रहिवाशांनी काउन्सिलला पत्र लिहून विचारले, की आम्हाला आत का सोडत नाही? १८८५ साली प्रतिष्ठित चिनी रहिवाशांनी पुन्हा लेखी तक्रार केली. त्यांची बाजू भक्कम होती. वसाहतीत बहुसंख्य लोक चिनी होते, करही भरत होते, आणि त्या पैशातून बाग राखली जात होती. शिवाय जमीन मुळात चिनी सरकारची. तिथल्या चिनी अधिकाऱ्याने ती नफ्यासाठी वापरायची नाही या अटीवर दिली होती. या दबावामुळे काउन्सिलने काही काळ निवडक चिन्यांना पास दिले, मग ते आवळले, आणि १८९० साली खाडीकाठी चिन्यांसाठी वेगळी छोटी बाग काढून दिली. मूळ प्रश्नाला हे उत्तर नव्हते हे उघड आहे. तक्रार पुढची जवळजवळ चार दशके धुमसत राहिली.

आता १९४९. मजकुरातली ही चूक सर्वांत सोपी आहे. बाग सर्वांसाठी उघडली १ जून १९२८ रोजी, अल्प प्रवेश शुल्क घेऊन. त्याआधी परकीयांविरुद्धचे १९२५ चे आंदोलन झाले होते, १९२७ साली राष्ट्रवादी सैन्य शांघायात आले होते आणि काउन्सिलला चिनी करदात्यांशी जुळवून घेणे भाग पडले होते. काउन्सिलमध्ये पहिले तीन चिनी सदस्य बसले तेही १९२८ साली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने वसाहत ताब्यात घेतली आणि जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने करार करून तिथले आपले हक्क सोडले. मे १९४९ मध्ये कम्युनिस्ट सैन्य शहरात शिरले तेव्हा ना वसाहत उरली होती, ना तिचे नियम. बंदी उठवण्याचे श्रेय व्यापारी, विद्यार्थी, कामगार आणि करदाते यांच्या दीर्घ खटपटीला जाते. एका पक्षाच्या एका दिवसाला ते देता येणार नाही.

इथे दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही अडवायला हवे. पाटी खोटी, म्हणजे अपमानही प्रचारातला, असे काही जण लिहितात. ते साफ चूक आहे. १९१७ च्या नियमांत एक असा आहे: बँड वाजत असताना मुले सांभाळणाऱ्या आयांनी बाकांवर, खुर्च्यांवर बसू नये. परक्याचे मूल कडेवर घेऊन चिनी आयेला आत जाता येत होते. स्वतःचे मूल घेऊन नाही. हे लेखी आहे, आणि दंतकथेतल्या पाटीपेक्षा मला ते जास्त बोचते. १९३० च्या दशकात या वसाहतीची वस्ती १० लाखांवर होती आणि त्यांत परदेशी ४० हजारांच्या आत होते, हेही लक्षात घ्या.

राहिली भारतीयांची जोड. शांघायात आपली माणसे फाटकाबाहेर चिन्यांच्या शेजारी उभी होती, हे चित्र सुखावणारे असले तरी खरे नाही. काउन्सिलने १८८० च्या दशकात आपल्या पोलिसांत शीख शिपायांची भरती सुरू केली आणि पुढे त्यांची संख्या काहीशेवर गेली. चित्रपटातही नायकाला पाटी दाखवणारा दरवान पगडीवाला आहे, आणि चिनी प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटत नाही. ३० मे १९२५ रोजी नानजिंग रस्त्यावर लौझा पोलीस ठाण्यासमोर ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकुमाने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्यांत शीख होते, आणि चिनी शिपाईही होते. गरिबीमुळे नोकरीला गेलेल्या त्या माणसांना मी दोषी ठरवत नाही. पण ती कुणाच्या बाजूने उभी होती हे झाकता येणार नाही.

मुंबईचा धागा तर त्याहून जुना आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या व्यापारात जमशेटजी जीजीभाईंसारखे पारशी होते आणि ससून घराणेही. ज्या ससूनांच्या नावाची गोदी कुलाब्याला आणि रुग्णालय पुण्यात आहे, त्यांच्याच वंशातल्या व्हिक्टर ससून यांची १९२९ सालची उंच इमारत, ससून हाउस, त्या बागेपासून चालत थोड्या अंतरावर बंडवर उभी आहे. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ च्या नानजिंग तहाने शांघाय परदेशी व्यापाराला उघडले. बाग आणि तिचे नियम त्याच तहाच्या पोटी आले. तेव्हा 'आपण दोघे एकाच फाटकाबाहेर' ही ओळ पुढे पाठवण्याआधी खोडावी. त्या फाटकाच्या आत मुंबईचा पैसा पोचला होता.